नांदेडला राहिलेला मणी

मुंजा, तुझा मणी सापडला. करदोड्यातला, चांदीचा, ज्याच्यावर सासूबाईंनी सोनाराकडून बारीक वेल काढून घेतली होती तो. काल माझा जुना विद्यार्थी जावेद घेऊन आला. तुझं तेरावं होऊन पाहुणे पांगले होते, सतरंज्या झटकून दोरीवर टाकल्या होत्या, आणि मी तुझ्याच ओट्यावर बसून कुशाअक्काने दिलेला चहा पीत होतो. जावेदने रुमालाची गाठ सोडली आणि मणी माझ्या हातावर ठेवला. तेव्हापासून मी तुझ्याशी भांडतोय. शोभा मघाशी म्हणाली, "काय पुटपुटायलात एकटेच?" मी म्हणालो, काही नाही. तिला वाटलं असेल, दुःखाने माणूस असा होतो. दुःख आहेच रे. पण हे दुःख नव्हतं, ही चीड होती, आणि ती तुझ्यावर होती.

आपण साडू. रक्ताचं नातं नाही, गाव एक नाही, बायकांनी जोडून दिलेली माणसं. बोरीला, सासऱ्यांच्या गावी, एकाच मांडवात दोघांची लग्नं लागली, तू थोरल्या कुशाअक्काचा नवरा, मी धाकट्या शोभाचा. पहिल्या दिवाळसणाला सासूबाईंनी दोन्ही जावयांना सारखाच मणी ओवलेला करदोडा दिला. सारखाच, म्हणजे नंतर कुणी मोजूनमापून बघायला नको. चारचौघांत आपण एकमेकांना "अहो साडूभाऊ" म्हणायचो आणि दोघंच उरलो की अरेतुरे. सासऱ्यांना मुलगा नव्हता. त्यामुळे त्या घरातलं भावाचं जे काही काम असायचं ते आपल्या दोघांत वाटलेलं, आणि तू थोरला म्हणून निम्म्याहून जास्त तू ओढायचास. मी नुसता हो ला हो करायचो.

तू जिंतूर डेपोला ड्रायव्हर, मी परभणीत एमआरआयच्या मशीनवर. माझं काम नेमकं काय, हे तुला लोक विचारायचे आणि तू सांगायचास, "माणसाला बोगद्यात घालतो, आतलं समदं बघतो, आन भाहीर आल्यावर मुका होतो." त्यावरूनच आपलं ते भांडण. इतक्या वर्षांत ते एकदाही मिटलं नाही.

"तुला दिसतं का न्हाई? खरं सांग."

"दिसतं."

"मंग?"

"मग डॉक्टर बघतात, रिपोर्ट लिहितात, ते सांगतात. आमी सांगायचं नसतं."

"म्हंजी माणूस तुज्यासमोर चप्पल घालून घरला जायलाय, त्याच्या पोटात काय हाय ते तुला म्हाईत हाय, आन तू म्हणतूस, या, सावकाश जा?"

"हो."

"मंग तू कसला माणूस रं?"

मी तुला दरवेळी तेच सांगायचो. सगळे डाग वाईट नसतात, साध्या गाठी असतात, पाण्याच्या असतात, आणि अर्धवट ज्ञानाच्या माणसाने अर्धवट सांगितलं तर समोरचा घरी जाईपर्यंत अर्धा मरतो. तुला ते पटत नव्हतं. तू म्हणायचास, माणसाच्या अंगातलं त्याच्यापासून लपवणं म्हणजे चोरी. हाच शब्द होता तुझा. चोरी. आज मला तो शब्द तुझ्या तोंडावर परत मारायचा आहे आणि तू त्यासाठी जागेवर नाहीस.

लिव्हरचा कॅन्सर मशीनमध्ये कसा ओळखतात तेही तुला मीच सांगितलं होतं. सोनोग्राफीत नुसता डाग दिसतो. तो कशाचा, हे एमआरआय सांगतं. शिरेतून औषध सोडतात. चांगलं लिव्हर जगतं ते जास्त करून आतड्यांकडून येणाऱ्या मोठ्या शिरेवर, आणि ही गाठ मात्र धमनीला तोंड लावून बसते. म्हणून औषध सोडलं की गाठ आधी उजळते, आणि बाकीचं लिव्हर उजळेपर्यंत तीच काळी पडते. तू मांडी खाजवत म्हणाला होतास, "म्हंजी पाटाच्या तोंडाशी वावर असल्यावानी. पाणी आधी त्याला, आन कोरडाठाकबी आधी त्योच." इतक्या सोप्या भाषेत मला स्वतःला कधी सुचलं नव्हतं. त्यानंतर नवीन पोरांना शिकवताना मी तुझंच वाक्य वापरायचो.

आणि श्वास. त्या औषधाच्या नेमक्या वेळी चित्र काढायचं तर तेवढा वेळ पेशंटने श्वास धरून ठेवावा लागतो. हलला की चित्र पुसट. हे ऐकून तू फुशारकी मारलीस, "मग माजं चित्र लय झाक येईल." ते मात्र खरं होतं. बोरीच्या विहिरीत तू बुडी मारून बसायचास आणि सासूबाई काठावर रडकुंडीला यायच्या, धाकट्या जावयाला आत उतरवायच्या तयारीत. मला पोहता येत नाही असं मी सांगायचो आणि तू वर येऊन फिदीफिदी हसायचास.

तुझ्या रक्तात हिपॅटायटिस-बी काविळीचा विषाणू आहे हे रक्तदान शिबिरात निघालं, त्याला किती वर्षं झाली. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी कर, हे मी तुझ्या कानीकपाळी ओरडत होतो. तू कधी करायचास, कधी नाही. गेल्या वर्षी दसऱ्याच्या आसपास केलीस आणि स्वतः मला फोन केलास.

"कायतरी डाग दिसायलाय म्हणं."

"उद्या ये. उपाशीपोटी ये."

"येतो की."

तू आला नाहीस. मी फोन केला तर ड्युटी, परत केला तर टायर, मग गाडीत आवाज. शेवटी एक दिवस तूच म्हणालास, "मोठ्या डॉक्टरला दावलं. चरबीचा डाग हाय म्हणला. मशीनची गरज न्हाई." कोणता डॉक्टर, कुठला, मी विचारलं. तू भडकलास. "दर टायमाला तुजं मशीन मदी आणू नकू. माणसाला जगू दे." मीही फुगलो. पण विश्वास ठेवला. का ठेवला माहीत आहे? ज्याला लपवायचं असतं तो माणूस डाग निघाला म्हणून आपणहून फोन करत नाही, असा माझा हिशेब होता.

त्याच सुमारास पल्लवीचं जमलं. माझी एकुलती एक, आणि तुमच्या पोटी मूल नाही म्हणून ती तुमचीही. तारीख तुळशीच्या लग्नानंतरची ठरली होती. मग मुलाला सुट्टी मिळेना म्हणून त्यांच्याकडच्यांनी वैशाखात ढकलली. तेव्हा तू केवढा तमाशा केलास, आठवतं? आमच्या बैठकीत उभा राहून म्हणालास, "वैशाखात काय हाय? आताच उरका. साध्यात करा, देवळात करा, पण आता करा." पाहुण्यांच्या देखत मला खाली बघायला लावलंस. ते गेल्यावर शोभासमोर मी तुला म्हणालो, "मुलीचा बाप मी आहे का तुमी?" तू चप्पल पायात सरकवलीस आणि स्टँडवर गेलास. मला वाटलं, थोरल्या जावयाचा मान दुखावला. शोभाला मी म्हणालोसुद्धा की तुझ्या भावजींना जरा पुढंपुढं करायची सवय आहे.

वैशाखात लग्न झालं. मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं, असं भटजींनी पुकारलं आणि मामा म्हणून तू उठलास. त्याला दुसरं कोण होतं? शोभाला भाऊ नाही, त्यामुळे ही जागा पल्लवी पाळण्यात होती तेव्हापासून तुझी ठरलेली. नवा सदरा तुझ्या खांद्यावरून ओघळत होता. फेटा भुवयांपर्यंत आला होता. कुणीतरी म्हणालं, मामा बारीक झाले, आणि तू म्हणालास, "पोरगी द्यायची म्हंजी सोपं हाय का? जीव सुकतो." सगळे हसले. मीही हसलो. तू पल्लवीच्या मागे अंतरपाटाशी उभा राहिलास, तिच्या दंडाला धरून, आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तसाच उभा होतास. घामाने तुझी पाठ भिजली होती. ऊन होतं, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

लग्नानंतर महिनाभरात तुझे डोळे पिवळे झाले. पोट वर आलं, पाय सुजले. तेव्हा कुशाअक्काने तुला हाताला धरून माझ्याकडे आणलं. एमआरआयच्या मशीनवर तू तेव्हा पहिल्यांदाच झोपलास. म्हणजे मला तरी तसंच वाटलं. पोटाचं चित्र काढताना करदोड्यातली चांदी मी काढायला लावतो. चुंबक चांदीला ओढत नाही, पण चित्रात उगाच खोट नको. मी बघितलं तर तुझ्या कमरेला नुसता काळा दोरा.

"मणी कुठाय?"

"नांदेडच्या मुक्कामात गेला."

"हरवला?"

"गेला म्हणलं ना."

सासूबाई असत्या तर रडल्या असत्या, असं काहीतरी मी म्हणालो आणि तुला आत सरकवलं. काचेपलीकडून माइकवर सांगितलं, श्वास घ्या, सोडा, धरून ठेवा. बोरीच्या विहिरीतला तो माणूस आणि त्याला श्वास धरता येईना. चित्रं थरथरलेली आली. पण दिसायचं ते दिसलंच. औषध आत शिरलं तसं अर्धं लिव्हर उजळलं आणि मग काळं पडलं, आणि ते काळं मोठ्या शिरेत शिरलेलं होतं. तुला बाहेर काढायला जायच्या आधी मी तोंडावर पाणी मारलं आणि नेहमीचा चेहरा लावला.

तू उठून बसलास. पाय खाली सोडून विचारलंस, "काय दिसलं?"

शेजारी सिस्टर उभी होती. मी म्हणालो, "डॉक्टर सांगतील, साडूभाऊ."

तू हसायला लागलास. खोकला येईपर्यंत हसलास, डोळ्यांत पाणी आलं तुझ्या. मग माझ्या गालावर हलकी चापट मारलीस आणि सदऱ्याची बटणं लावत बसलास. मला वाटलं, जुन्या भांडणाची खोड काढतोय, मरणाच्या दारातही याला मस्करी सुचते. मी त्या हसण्यावरून घरी येऊन रडलो.

पुढचं सांगण्यासारखं काही नाही. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला. तू दिवाळीही बघितली नाहीस. तुला शेवटची आंघोळ आम्हीच घातली, तुझा पुतण्या आणि मी. कमरेचा काळा दोरा मी माझ्या हाताने तोडला. दोऱ्याचा पीळ ओळखीचा वाटला होता, पण तेव्हा तिकडे बघायची शुद्ध कुणाला होती.

आणि काल जावेद. नांदेडच्या एका सेंटरला असतो तो, मशीनचं काम त्याने माझ्या हाताखाली शिकलेलं. मला वाटलं, माझ्याकडे बघून भेटायला आला. मणी दिला आणि म्हणाला, "सर, काकांचा हाय. आमच्या सेंटरला राहिला होता."

मी मणी उलटून वेल बघितली. माझ्या कमरेला त्याच वेलीचा मणी आहे. ओळखायला वेळ कशाला लागतो?

"मुक्कामी गाडी घेऊन आले होते सर. अंगावर खाकीच होती. बिल्ला काढले, घड्याळ काढले, करदोड्याची गाठ मातर निघंना. मी कापतो म्हणलो तर घाबरले. म्हणले, करदोडा मेल्यावर तोडतेत, लेका. मग तुमी शिकवलात तसंच केलो. आधी नवा बांधलो, मग जुना कापलो. त्या गडबडीत मणी ट्रेमधी राहिला. फोन केलो तर म्हणले, ठिव तुज्यापाशी, नेतो कवातरी."

हे मीच त्याला शिकवलं होतं. आपल्याकडची माणसं मोकळ्या कमरेला घाबरतात, म्हणून काळ्या दोऱ्याचं बंडल जवळ ठेवायचं, नवा दोरा कमरेला बांधून मगच जुन्याला कात्री लावायची. तो पीळ ओळखीचा का वाटला, ते मला तुझ्या ओट्यावर कळलं.

"कधीची गोष्ट ही?"

"दिवाळीच्या आधीची, सर. मागच्या."

म्हणजे पल्लवीच्या लग्नाच्या आधीची. तू मला फोन केलास त्याच्यानंतरची, आणि चरबीचा डाग म्हणून माझ्यावर भडकलास त्याच्या आधीची.

"काय दिसलं होतं?"

जावेदने नकाराची मान हलवली. सवयीने. मग म्हणाला, "आता सांगायला काय हरकत हाय. लहान होती सर. सुपारीएवढी. एका कडंला होती, शिरंपासून लांब. चित्र इतकं साफ आलं की शंकाच न्हाई. असा श्वास धरणारा पेशंट मी पाह्यलो न्हाई. डॉक्टर म्हणले होते, आपरेशन होतंय, मुंबईला जा, लगेच जा." मग त्याने उरलेलं सांगितलं. "मशीनवरून उतरल्यावर मला विचारले, काय दिसलं. मी म्हणलो, डॉक्टर सांगतील. तर हसले. म्हणले, तुज्या उस्तादानं बराबर शिकवलंय. मग तुमचं नाव काढले. माजा साडू हाय म्हणले, त्याला कळू देऊ नकू. पोरीला मांडवात न्यायचंय, मग बगू."

तेवढ्यात कुशाअक्का कपबशा न्यायला बाहेर आली. मी मूठ मिटली आणि हात खिशात घातला. तिला यातलं काही माहीत नाही, मुंजा. रोज संध्याकाळी ती मला विचारते, "भावजी, आधी कळलं असतं तर वाचले असते का हो?" मी डॉक्टरांकडे बोट दाखवतो.

आता मला सांग. कुणी सांगितलं होतं तुला? लग्न थांबलं असतं, ठीक आहे, थांबलं असतं. पल्लवीच्या मागे तुझा पुतण्या उभा राहिला असता, मी राहिलो असतो, भटजी म्हणाले असते शास्त्राला चालतं. तू मुंबईहून टाके घेऊन परत आला असतास, खुर्चीत बसून जेवला असतास आणि वाढप्यांना शिव्या दिल्या असत्यास. तुला मी फरफटत नेलं असतं. हेच तुला नको होतं ना? म्हणून तर माझ्या दाराशी न येता नांदेडला गेलास. मी चित्र बघणार आणि माझ्या तोंडावरून तुला कळणार, आणि तुला कळलंय हे मला कळणार, मग पळायला जागा नाही. मला हे दिसू नये म्हणून गेलास, असं उद्या कुणी म्हणेल. मोठ्या मनाचा होता म्हणतील. मी नाही म्हणणार. तू भ्यायलास. कापण्याला भ्यायलास, आणि त्याला माझ्या पोरीच्या लग्नाची झूल चढवलीस. जिचं नाव पुढे केलंस तिला विचारलंही नाहीस.

नाही, थांब. तारीख ढकलली तेव्हा तू केलेला तमाशाही मला आठवतो. नुसतं निमित्त हवं असतं तर "आताच उरका" म्हणून तू माझ्या घरात ओरडला नसतास. तुला दोन्ही हवं होतं, पोरीला मांडवात न्यायचं होतं आणि जगायचंही होतं. त्या दिवशी एक शब्द पुढे बोलायचा होतास. "का" हे सांगायचं होतं. मी तुला मुलीचा बाप कोण म्हणून विचारलं आणि तू चप्पल घातलीस. तुझ्या पोटात काय आहे ते तुला माहीत होतं, आणि चप्पल घालून तूच गेलास. उंबऱ्यावरून शोभा तुला म्हणाली, सावकाश जा.

त्या लग्नाचं आता मी काय करू? दंडाला धरून तिच्या मागे उभा असलेला तू, तेवढंच दिसतं मला त्यात. मुलीचं लग्न चांगलं पार पडलं, एवढा एक आनंद माझ्या गाठीला होता. तोही तू नेलास.

आणि तरी सांगतो, तुझ्याइतकं माझं कुणी नव्हतं. सासरवाडीत मी परका असताना पहिल्या दिवशी माझ्या ताटात तुझ्या ताटातलं वाढलंस. शोभाच्या बाळंतपणात ड्युटी बदलून दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिलास. माझ्याशी भांडायला म्हणून बस स्टँडवर लावून यायचास आणि चहा पिऊन पळायचास. म्हणूनच एवढं लागलं. परक्याने लपवलं असतं तर मी म्हटलं असतं, या, सावकाश जा.

आज दुपारी पल्लवीचा फोन आला. लग्नाचा व्हिडिओ बघत बसली होती.

"बाबा, काका किती वाळलेत हो यात. आपल्याला कुणालाच कसं दिसलं न्हाई?"

"फेट्यामुळं वाटतं तसं."

"त्यांना तवा म्हाईत होतं का, बाबा? खरं सांगा."

मी तोंड उघडलं. खरंच सांगणार होतो. मला ते एकट्याने वाहायचं नव्हतं, आणि तुझं ऋण तिच्या डोक्यावर आहे हे तिला कळायला हवं, असंही क्षणभर वाटलं. मग फोनवर तिचा श्वास ऐकू आला. तिने तो धरून ठेवला होता.

"न्हाई गं," मी म्हणालो, "लग्नानंतरच कळलं त्यांना."

तिने श्वास सोडला. रडली, आणि म्हणाली, "मग बरं. मला उगं भ्या वाटायलं होतं."

मग तू कसला माणूस रं, हे तू मला इतकी वर्षं विचारलंस. घे. तुझ्यासारखा. हे मी तुला माफ करणार नाही.

मणी कुशाअक्काला देता येत नाही, कुठे सापडला म्हणून ती विचारील. शोभाला दाखवता येत नाही. टाकवत नाही. शेवटी मी दाराला कडी लावली आणि बंडलातला नवा दोरा घेतला. या वेळी जुना आधी कापावा लागला, कारण माझा मणी त्यातच होता. तेवढा वेळ मोकळ्या कमरेने बसलो. मग दोन्ही मणी शेजारी शेजारी ओवले आणि गाठ मारली. चालताना ते एकमेकांवर वाजतात, अगदी बारीक, माझ्या मलाच ऐकू येईल एवढं. मला शेवटची आंघोळ घालतील तेव्हा कुणीतरी हा दोरा तोडेल आणि विचारील, ह्यांच्या कमरेला दोन मणी कसे काय? सांगायला तेव्हा कुणी उरलेलं नसेल.